बिनफुलाचा ठसा

हत्यारं माणसांहून जास्त बोलायची, त्या काळची गोष्ट. कुमुदबाई हौसेनं चामड्यावरची नक्षी शिकत होत्या. मातीच्या घोड्यासाठी चिंचोक्याएवढं खोगीर, त्यावर एकच कमळ. पेटीतल्या नव्या ठशाच्या तोंडावर मात्र ना फूल, ना पान, नुसते बारीक दाणे.

"मला भंगारातच टाकणार," तो कुढला.

"गप रे! आधी काम कर," म्हातारी आरी खेकसली.

बाईंनी ओलसर चामड्यावर कमळाची रेघ कोरली आणि ठसा रेघेबाहेर ठेवून हातोडीनं हलकेच ठोकला. टक्, टक्. भोवतालचं चामडं दबत गेलं, आणि पाण्यातून यावं तसं मधलं कमळ वर आलं.

ठसा थक्क झाला. "आजी, मी तर त्याला शिवलोसुद्धा नाही!"

आरी पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाली, "शिवला असतास, तर ते उमललं असतं का रे?"