थांब्यावरची कढई

हमरस्ता कुरणवाडीतून जायचा, तेव्हाची गोष्ट. एसटी थांब्यावर भज्यांची एक कढई होती. गाडी सुटायच्या घाईत तिची भजी वरून लाल, आतून कच्चीच निघत. गिऱ्हाईक थोडंच परत येणार होतं!

मग बायपास झाला. गाड्या बाहेरूनच जाऊ लागल्या. कढई रडकुंडीला आली. "घाला आता मला भंगारात!"

"आधी चुलीला जरा दमानं घ्यायला सांग," झारा म्हणाला. "आता गावातलीच माणसं येणार. ती उद्या पुन्हा समोर येतील."

कढईनं धीर धरला. भजी पहिल्यांदाच आतपर्यंत शिजली. गावकरी रोज येऊ लागले, येईल त्याला या भज्यांबद्दल सांगू लागले.

एका संध्याकाळी बायपास सोडून एक ट्रक आत वळला. "लवकर द्या हो!" ड्रायव्हर ओरडला.

"बसा," कढई चुरचुरली, "वेळ लागेल."

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.