पंगतीबाहेरची मिरची

मुंबईतल्या एका बड्या इटालियन हॉटेलात यामिनी सासूबाईंना पहिल्यांदाच घेऊन आली होती. लालभडक सॉसमधला पास्ता चाखून सासूबाईंनी हिरवी मिरची मागितली, तशी मुख्य शेफची स्वारी टेबलाशी आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मॅडम, इटलीच्या ताटात आम्ही बाहेरचं काही येऊ देत नाही."

शेजारच्या टेबलावर हशा पिकला. यामिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या सासूबाईंनी शांतपणे ओठ टिपले. "मिरची मूळची अमेरिकेची, आणि तुमचा हा टोमॅटोही तिकडचाच. एकाच मुलखातले पाहुणे दोघं. मग एकाला पंगतीत बसवून दुसरीला दारात का उभं ठेवलंत?"

शेफ स्वतः आत जाऊन बशीभर मिरच्या घेऊन आला.

यामिनी घास विसरून सासूबाईंकडे पाहत होती. मघाशी हसलेल्या टेबलावरून दबका आवाज आला, "दोन मिरच्या इकडेही."