राजेसाहेबांची दमेकरी बोट

"सुपारी परत घ्या, सरकार! सौदा मोडला!" द्वारकी धक्क्यावरून ओरडली.

"परत? तुझ्या बापाने ती केव्हाच चावून गिळली!" राजेसाहेबांनी मिशीला पीळ दिला. "सुपारी खाल्ली की सौदा पक्का. हा तुमच्याच खाडीचा रिवाज, पोरी. मी नाही काढला."

द्वारकीचा बाप धाकू तारी मान खाली घालून उभा होता. सकाळी त्याला राजवाड्यावर बोलावलं, गादीवर बसवलं, चांदीच्या तबकातली सुपारी पुढे केली. भोळा माणूस हरखला! कशाची सुपारी हे विचारायच्या आत तोंडात टाकून मोकळा झाला. आता त्याची उंडीच्या लाकडाची होडी राजेसाहेबांची, आणि राजेसाहेबांची जेटबोट त्याची! त्या होडीवर धाकूची चूल पेटायची आणि अख्खं गाव खाडीपलीकडे जायचं.

राजेसाहेबांचं राज्य कधीच गेलं होतं, तोरा तेवढा शिल्लक होता. ही जेटबोट त्यांनी कुठल्याशा हॉटेलवाल्याकडून जुनी घेतली होती. घेताना रंग पाहिला, गाद्या दाबून पाहिल्या, इंजिनाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. राजाने का वाकून बघायचं? या बोटीला बाहेर पंखा नसतो. पोटाखालून पाणी ओढायचं, शेपटीतून फवारा सोडायचा आणि पळायचं. मोठ्या पाण्यात ठीक आहे. पण आंबेखोलच्या खाडीत पाण्यापेक्षा चिखल जास्त! तो गिळून गिळून इंजिनाला दमा लागला. जरा पळालं की तापायचं, खोकायचं, गप्प व्हायचं. हे गावाला ठाऊक होतं. राजेसाहेबांच्या तोंडावर बोलायची छाती मात्र कुणाची नव्हती.

द्वारकीची होती.

"बोटीत खोट आहे," ती म्हणाली. "खोटीचा माल सुपारीत बसत नाही."

"खोट? दाखव मग!" राजेसाहेब गरजले. "पण बोटीला हात लावायचा नाही, झाकण उघडायचं नाही, आत पाय ठेवायचा नाही आणि मिस्त्री आणायचा नाही. एवढं पाळून खोट दाखवलीस तर होडी परत. नाहीतर बापाला घे, बोटीत बस आणि चालू लाग!"

लोक हसले. राजेसाहेब हसले की हसायची जुनी सवय!

"अगो, गप घरी चल," धाकू पुटपुटला.

"तुम्ही थांबा, बा. तुमच्या तोंडाने आज पुष्कळ काम केलंय," द्वारकी म्हणाली आणि राजेसाहेबांकडे वळली. "कबूल, सरकार! नाही लावत हात. पण रिवाज धरलात तर पुरा धरा. अर्धा तोडून खायला तो काय भाकरी आहे?"

"पुरा म्हणजे?"

"आमच्या खाडीत होडी देणारा स्वतः तिच्यात बसून पलीकडच्या तीरावर जातो. तिथं पायउतार झाला की मग ती घेणाऱ्याची. विचारा कुणालाही!"

म्हाताऱ्याकोताऱ्यांनी माना हलवल्या. रिवाज खराच होता.

राजेसाहेबांनी खाडीकडे पाहिलं. ओहोटी लागली होती. पाणी भराभरा समुद्राकडे धावत होतं.

"उद्या जाऊ," ते म्हणाले.

"का हो? बोट आज धड आहे ना?"

आता गाव हसलं, आणि या वेळी राजेसाहेबांची वाट न बघता हसलं.

राजेसाहेबांचे कान लाल झाले. "हा निघालो!" म्हणत ते तरातरा पायऱ्या उतरले. उतरता उतरता शेजारी बांधलेल्या धाकूच्या होडीत वाकले, तिची दोन्ही वल्ही हळूच उचलली, बगलेत मारली आणि जेटबोटीत पाय टाकला.

"सरकार!" द्वारकीने हाक दिली, आणि मग एकच वाक्य बोलली. ते ऐकून राजेसाहेब आधी वल्ह्यांकडे बघत राहिले, मग असे खदाखदा हसले की फेटा कानावर आला. होडी तर परत दिलीच, वर राजवाड्याच्या खाडीत उतरणाऱ्या पायऱ्या धाकूच्या उतारूंना चढ-उतारासाठी कायमच्या खुल्या केल्या आणि जेटबोटीच्या मऊ लाल गाद्या उपटून त्याच्या होडीत बसवून दिल्या. वाक्य असं होतं:

"बोट धड असेल तर माझ्या बाची वल्ही खाली ठेवा, सरकार, आणि ती हातातून सुटत नसतील तर आमची होडी आम्हाला द्या, कारण बोटीची खोट तुम्ही स्वतःच बगलेत धरून उभे आहात!"