कंदीलपुष्पाची मुळं

"मास्तर, तुमच्या चित्राला मुळं का नाहीत?"

प्रश्न उन्मेषचा. आणि विचारला असा, की आजूबाजूच्या चार माणसांनाही ऐकू जावा.

दामूमास्तर आपल्याच चित्रासमोर उभे होते. रानफुलांच्या चित्रांचं प्रदर्शन, उद्घाटन त्यांच्याच हस्ते झालेलं. गळ्यातला शेवंतीचा हार काढून त्यांनी हातावर घेतला होता.

"मुळं मला कधी दिसलीच नाहीत," ते म्हणाले.

उन्मेषने आपल्या मित्राकडे, जयवंतकडे बघून डोळा मिचकावला. म्हातारा टाळतोय, असा त्याचा अर्थ.

जयवंतला चित्रांतलं ओ की ठो कळत नव्हतं. उन्मेषने त्याला मुद्दाम आणलं होतं. इतकी वर्षं मास्तरांच्या हाताखाली काढली, पण 'छान' हा शब्द काही त्यांच्या तोंडून निघाला नव्हता. आज तो निघणार होता, आणि ऐकायला कुणीतरी आपलं माणूस हवं होतं.

कारण शेजारीच उन्मेषचं चित्र होतं. तीच वेल, कंदीलपुष्पाची. मास्तरांच्या कागदावर वेल जमिनीपाशी थांबत होती, खाली निम्मा कागद कोरा. उन्मेषच्या कागदावर मात्र खाली पांढरट कंद, कंदाची केसासारखी मुळं, सगळं काही. गर्दी तिथेच होती. लोकांनी त्याला सकाळपासून हरभऱ्याच्या झाडावर चढवून ठेवलं होतं.

मास्तर त्या चित्राजवळ गेले. अगदी जवळ.

"वेलीला हा बाक..."

"ओळखलीत ना? सड्यावरच्या कातळाच्या कपारीतलीच. तुम्हीच दाखवली होतीत."

"दगड आडवा येतो तिला तिथे. म्हणून वळते." मास्तरांचं बोट काचेला न टेकता वरून खाली आलं. "कंद अख्खा निघाला?"

"अख्खा! एक मूळ तुटू दिलं नाही. सगळी दुपार खणत होतो."

"आणि नंतर?"

"नंतर घरी कुंडीत लावला. पण धरला नाही. नाजूकच असतात ते."

मास्तर चित्रापासून एक पाऊल मागे आले.

मग त्यांनी हातावरचा हार उचलला आणि उन्मेषच्या चित्राला घातला. दोन्ही बाजूंनी सारखा केला. हात जोडले.

टाळ्या पडल्या. कुणीतरी मोबाइलवर फोटो काढला. उन्मेषला भरून आलं. बिचारा एका शब्दाची आस धरून आला होता, आणि इथे तर हार मिळाला! तो मास्तरांच्या पाया पडायला वाकला.

जयवंत तेवढा टाळ्या वाजवत नव्हता.

"उन्मेष," तो हळूच म्हणाला, "आमचे दादा गेले, तेव्हा त्यांच्या फोटोला आम्ही असाच हार घातला होता रे."

उन्मेष वाकलेला तसाच राहिला.

...

त्याने मान वर करून पाहिलं. काचेआड वेल, वेलीखाली कंद, भोवती शेवंती. मास्तरांचे डोळे ओले होते. त्यांत राग कुठेच नव्हता, आणि तेच त्याला सोसवेना.

"मी हे चित्र उतरवतो, मास्तर."

"राहू दे. छान आलंय."

तो शब्द अखेर आला. पण आता उन्मेषला तो घेववेना.

"मग मी करू तरी काय?"

मास्तरांनी त्याला दंडाला धरून उठवलं. हात सोडला नाही.

"पावसाळ्यात सड्यावर चल माझ्याबरोबर. मी दरवर्षी जातो तिला भेटायला."

"पण मास्तर... तिथे आता काहीच नाही."

"म्हणून तर चल म्हणतो. यंदा मला एकट्याला जाववणार नाही."