दुधीचा उंच स्तंभ

भाज्या बोलायच्या, पण वाचायचा आळस करायच्या, तेव्हाची ही गोष्ट. एका शाळेच्या स्वयंपाकघरात सातवीच्या मुलांनी भिंतीवर स्तंभालेख लावला. खाली भाज्यांची नावं आणि प्रत्येक नावावर रंगवलेला स्तंभ.

सगळ्यांत उंच स्तंभ दुधीचा! टोपलीतला दुधी ताठ झाला. "बघा, मुलांचा लाडका कोण ते! आजपासून मी राजा."

गवारीचा स्तंभ मध्यम, म्हणून ती प्रधान झाली. बटाट्याच्या नावावर मात्र नुसती मोकळी जागा होती. "तुला तर कुणी मोजलंही नाही रे," दुधी म्हणाला, "जा तळाशी." बिचारा बटाटा खाली सरकला.

तेवढ्यात भिंतीवर टांगलेली पळी खो-खो हसायला लागली. "महाराज, वरचा मथळा वाचलात का?"

"उंची दिसतेय की! वाचायचंय काय त्यात?"

पळीने मोठ्याने वाचलं, "या आठवड्यात मुलांनी ताटात उष्टी टाकलेली भाजी, किलोमध्ये."

टोपलीच्या तळातून बटाट्याचं हसू ऐकू आलं.

दुधी दोन दिवस रुसला. तिसऱ्या दिवशी स्वतःच किसणीवर चढला आणि थालीपिठात शिरला. पोरांनी बोटं चाटली.

सोमवारी नवा स्तंभालेख लागला. टोपलीतला दुधीचा धाकटा भाऊ ओरडला, "पाहिलंत? आमचा स्तंभ आता करंगळीएवढा!"

आणि लगेच वळून हळूच म्हणाला, "पळीमावशी, मथळा तोच आहे ना?"