वॉन्टचा दुसरा अर्थ

ही गोष्ट फार वर्षांपूर्वीची, गोऱ्या साहेबांच्या अमलातली. डोंगराच्या माथ्यावर एक गाव होतं. गावात घरं होती, देऊळ होतं, चिंचेची मोठमोठी झाडं होती. विहीर मात्र नव्हती. पाणी होतं ते खाली दरीतल्या झऱ्याला. बाया पहाटे दरीत उतरायच्या आणि ऊन चढेपर्यंत डोक्यावर हंडे घेऊन वर यायच्या. वाट इतकी अरुंद, की समोरून कोणी आलं तर एकीला कपारीला पाठ लावून उभं राहावं लागे.

त्या गावात गोजराबाई राहायची. मुलगा पलटणीत गेलेला, घरात ती आणि तिची नवी सून येसू. गोजराबाई तोंडाने फटकळ होती, पण दारात आलेल्याला गूळपाणी दिल्याशिवाय तिने कधी जाऊ दिलं नाही.

एके दिवशी साहेब दौऱ्यावर आला. त्या भागात सरकारातून एक विहीर मंजूर झाली होती आणि ती कोणत्या गावाला द्यायची, हे साहेबाला ठरवायचं होतं. गावाला याचा पत्ताच नव्हता. साहेबाला मराठी येत नव्हतं, म्हणून बरोबर दुभाषी म्हणून एक मुनशी होता. मुनशीला इंग्रजी येतं म्हणून आजूबाजूची दहा गावं त्याला वाकून रामराम करायची. त्यालाही ते फार आवडायचं.

चिंचेखाली गाव जमलं. गोजराबाई नुकतीच दरीतून वर आली होती, हंडा अजून डोक्यावरच होता. साहेबाचा शिपाई सुरईतून पेल्यात पाणी ओतत होता. साहेबाने घामाने भिजलेल्या गोजराबाईकडे पाहिलं आणि इंग्रजीत काहीतरी विचारलं. त्यात ‘वॉन्ट’ असा एक शब्द होता.

मुनशी म्हणाला, “बाई, साहेब विचारतायत, पाणी हवंय का?”

गोजराबाई संकोचली. “नको, नको! साहेब आमच्या गावचे पाहुणे. त्यांच्या सुरईतलं पाणी आम्ही कसं प्यायचं? उलट त्यांनाच विचारा, झऱ्याचं गार पाणी देऊ का म्हणावं.”

मुनशीने एवढं सगळं सांगितलंच नाही. इंग्रजीत दोन शब्द बोलला. साहेबाने वहीत काहीतरी लिहिलं आणि घोड्यावर बसून निघून गेला.

दोन महिन्यांनी बातमी आली. पायथ्याच्या गावात आधीच दोन विहिरी होत्या, तिथेच सरकारने तिसरी खणायला घेतली. माथ्यावरचं गाव हळहळलं, नशिबाला बोल लावून गप्प बसलं.

पुढे वैशाख आला. झरा करंगळीएवढा झाला. एक हंडा भरायला तासभर लागायचा, आणि तोवर वाटेवरचे दगड तापून निघायचे. अशाच एका दुपारी भरला हंडा घेऊन वर येताना येसूचा पाय सटकला. गोजराबाईने पोरीला पाठीवर घेऊन वर आणलं. हाडवैद्याने पाय बांधला, पण हाड वाकडंच जुळलं. एकोणिसाव्या वर्षी येसूच्या हातात काठी आली.

दुसऱ्या वर्षी साहेब पुन्हा आला. आता तो मोडकंतोडकं मराठी शिकला होता. मुनशी मागे उभा होताच. साहेबाने गोजराबाईला ओळखलं आणि हसून म्हणाला, “बाई, तुमच्या गावात पाणी पुष्कळ. छान.”

गोजराबाईला वाटलं, हा थट्टा करतोय. “पुष्कळ? कोणी सांगितलं तुम्हाला?”

“तू. मी विचारला, पाणी कमी आहे? तू बोलली, नाही. मग मी विहीर दुसरा गाव दिला.”

गोजराबाईच्या कानशिलांत रक्त उसळलं. आपल्या तोंडून असं कधी निघालंच नाही! मग तिला तो दिवस आठवला, सुरई आठवली, आणि ती मुनशीकडे वळली.

“मुनशीजी, साहेबाने काय विचारलं होतं? आणि तुम्ही मला काय विचारलंत?”

मुनशीने उपरण्याने तोंड पुसलं. “तो इंग्रजी शब्द मोठा फसवा आहे, बाई. वॉन्ट. त्याचा एक अर्थ हवं असणं. मला तेवढाच ठाऊक होता. पण त्याचा दुसराही अर्थ आहे, नसणं, उणं असणं. साहेब विचारत होते, गावाला पाणी कमी पडतं का? समजण्यात चूक झाली.”

“चूक माणसाकडून होते,” गोजराबाई म्हणाली. “ती तुम्हाला कळली कधी?”

बायांच्या घोळक्यात येसू काठीवर भार टाकून उभी होती. मुनशीची नजर तिच्यावर गेली आणि तो खाली बघू लागला.

“त्याच दिवशी,” तो पुटपुटला. “परत तंबूत गेलो, तर साहेबांच्या खुर्चीचा एक पाय निखळला होता. साहेब म्हणाले, ही खुर्ची एक पाय वॉन्ट करते. खुर्चीला कसली आलीय इच्छा? तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की याचा अर्थ एक पाय कमी आहे, असा.”

“मग बोलला का नाहीत?”

“साहेब म्हणाले असते, याला इंग्रजीच येत नाही. माझी अब्रू गेली असती.”

आता मात्र गोजराबाईचा तोल गेला. समोर साहेब आहे, गाव आहे, कशाचं भान तिला राहिलं नाही.

“अरे, खुर्चीचा पाय कळला तुला! माझ्या सुनेचा नाही कळला? एक शब्द बोलायचा होता तुला, एक! तेवढ्याने विहीर आली असती. तुझी अब्रू झाकली आणि माझी पोर जन्माची अधू झाली. बघ तिच्याकडे! मान वर कर आणि बघ!”

कोणी तिला आवरलं नाही. साहेबाला सगळे शब्द कळले नाहीत, पण मतलब कळला. त्याचा चेहरा लाल झाला. “मी याला नोकरीतून काढतो,” तो म्हणाला.

“मग काढा,” गोजराबाई म्हणाली, “पण आधी त्याला लिहायला बसवा. या गावात पाणी नाही, हे लिही म्हणावं. आणि गेल्या साली काय कळलं होतं नि का दडवलं, तेही लिही म्हणावं. त्याच्याच हाताने.”

मुनशी जमिनीवर बसला. गावासमोर त्याने अक्षरन् अक्षर लिहिलं. त्याची नोकरी त्याच दिवशी गेली.

विहीर मंजूर व्हायला आणखी दोन उन्हाळे लागले. पाणी लागलं त्या दिवशी गावाने गूळ वाटला. मुनशीही नारळ घेऊन आला आणि गोजराबाईपुढे वाकला. “बाई, आता तरी माफ करा.”

“चुकीची माफी मी त्याच दिवशी दिली असती,” ती म्हणाली. “गप्प बसलात, त्याची माफी येसूकडे मागा. मला विचाराल, तर मी देणार नाही.”

येसू विहिरीच्या काठावर बसली होती. तिने पाहिलं, ऐकलं, आणि तोंड फिरवून पोहरा विहिरीत सोडला. मुनशी नारळ तिथेच ठेवून डोंगर उतरून गेला.

मुलांनो, यातून शिकायचं ते हे: शब्दाचा अर्थ कोणाचाही चुकतो. पण चूक कळल्यावर आपली अब्रू जपायला जो गप्प बसतो, त्याच्या गप्प बसण्याची शिक्षा दुसऱ्याच कोणाला तरी भोगावी लागते.