बकुळीची गोळी

खाडीकाठच्या एका गावात एक भोळा नवरा होता. भिकाजी त्याचं नाव. सांगाल ते करायचा आणि सांगाल तस्संच करायचा.

त्याची नवी बायको अनसूया माहेरून बकुळी नावाचं मांजर घेऊन आली होती. सणाला वडील न्यायला येणार, म्हणून ती वाटेकडे डोळे लावून होती. नेमकं तेव्हाच बकुळीचं पोट फुगलं आणि शेपटीखाली भाताच्या शितांसारखं काहीतरी वळवळायला लागलं.

सासूबाईंनी पदर नाकाला लावला. "जंत झालेत. जंताची गोळी पोटात गेल्याशिवाय सून माहेरी जायची नाही."

भिकाजी गुरांच्या डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी गोळी दिली. "मांजराला कळू देऊ नका, नाहीतर थुंकेल."

भिकाजीनं कळू दिलं नाही. गोळी सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि बकुळीशी इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या. पुढे सदरा धुतला, त्यात गोळीही धुतली गेली.

अनसूया हळूच म्हणाली, "अहो, असलं काही सुकटात लपवून द्यायचं असतं."

"असं होय. लक्षात ठेवतो."

तो पुन्हा गेला. डॉक्टर म्हणाले, "आधी मांजराची शी आणा. जंत कुठले ते बघू."

भिकाजीनं नेऊन दिली. सुकटात लपवून. डॉक्टरांना वाटलं, भेट आहे. पुडी त्यांनी घरी नेली.

दुसऱ्या दिवशी ओकून ओकून डॉक्टरांचा आवाज बसला होता. "लपवालपवी बंद," ते गोळी देत म्हणाले. "मान धरायची, जबडा उघडायचा, आत टाकायचं, तोंड मिटून गळा चोळायचा. गिळेपर्यंत सोडायचं नाही."

"असं होय."

घरी आला तर अनसूयेचे वडील ओसरीवर बसलेले. अनसूयेनं आतून लाडू दिला. "बाबांना द्या. नको म्हणतील, पण सोडू नका."

वडील म्हणाले, "नको हो जावईबापू, आत्ताच..."

भिकाजीनं त्यांची मान धरली. जबडा उघडला. लाडू आत टाकला. गळा चोळला. लाडू गेला.

सासूबाई कडाडल्या, "भिकू, ही काय रीत? पाटावर बसवावं, हात जोडावेत, आग्रह करावा. नाहीच म्हटलं तर राहू द्यावं."

"असं होय."

संध्याकाळी बकुळी पाटावर. पुढे रांगोळी, केळीचं पान, पानावर गोळी. भिकाजीनं हात जोडून आग्रह केला. बकुळीनं पंजा चाटला आणि उठून गेली.

अनसूयेनं पिशवी भरून ठेवली होती. सकाळी वडील निघणार होते.

सकाळी सासूबाई लाडू खात होत्या. "काय रे, गेली का गोळी पोटात?"

"जातेय की. लाडवात लपवलीय. तुला कळू दिलं नाही."

सासूबाईंचा घास तोंडातच राहिला. भिकाजी धावला. मान धरली, तोंड मिटलं, गळा चोळला. "गिळ, आई. त्याशिवाय ही माहेरी कशी जाणार?"

सासूबाईंनी गिळलं.

अनसूयेनं पिशवी उचलली, बकुळीला काखेत घेतलं आणि वडिलांच्या मागोमाग निघाली. दवाखाना वाटेवरच होता.

मागून भिकाजीची हाक आली.

"अगं, डॉक्टरांना तेवढं विचार. आईची शी सुकटातून आणू, की नुसतीच?"